जांभळं द्रावण आणि पारदर्शक अंडं

औषधी वनस्पतींवर एम.एस्सी.चा प्रकल्प केलेल्या कुणालाही डीपीपीएच म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. काळपट जांभळी पूड मिथेनॉलमध्ये विरघळवायची, तिच्यात पाल्याचा किंवा सालीचा अर्क घालायचा आणि नळी अर्धा तास अंधारात ठेवायची. अर्कात दम असेल तर जांभळा रंग फिका होत होत पिवळट पडतो. मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५१७ नॅनोमीटरला मोजणी घ्यायची, निम्मा रंग घालवायला अर्क किती लागला तो आकडा काढायचा आणि तुलनेसाठी शेजारी क जीवनसत्त्वाचा आकडा मांडायचा. आकडा जितका लहान, तितका अर्क जोरदार. मार्सडेन ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात ही पद्धत मांडली. तिला महागडी यंत्रं लागत नाहीत, प्राणी लागत नाहीत, नीतिसमितीची परवानगी लागत नाही आणि दुपारच्या चहापर्यंत निकाल हातात येतो. जिल्ह्याच्या गावांतल्या महाविद्यालयांमधून औषधी वनस्पतींवर जे शोधनिबंध निघत आले, त्यांतले बरेचसे या जांभळ्या रंगाच्या आधारानं उभे आहेत.

त्या निबंधांची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. तुटपुंज्या अनुदानात, वीज जाते-येते अशा प्रयोगशाळेत मुलं नेटानं काम करतात. पण या निबंधांचं शेवटचं वाक्य वाचून वाचून पाठ झालं आहे: अमुक वनस्पती अँटिऑक्सिडंटचा उत्तम नैसर्गिक स्रोत असून औषधनिर्मितीसाठी ती उपयुक्त ठरू शकेल. उपयुक्त कुणाला? किती मात्रेत? दिवस गेलेल्या बाईनं तो अर्क घेतला तर पोटातल्या जिवाचं काय? नळीतल्या द्रावणाला या प्रश्नांची उत्तरं ठाऊक असण्याचं कारण नाही. ती शोधायला दुसरीकडे जावं लागतं, आणि या पुस्तकातले लेखक तिकडे गेले आहेत. त्यांनी अर्कांची रंग घालवण्याची ताकद तर मोजलीच, शिवाय तेच अर्क झेब्रा माशाच्या वाढत्या अंड्यांवर घालून पाहिले. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले की काय दिसतं, हा या पुस्तकाचा विषय.

आधी पहिल्या आकड्याबद्दल. ज्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरलेला असतो त्याला मुक्त मूलक म्हणतात. तो इलेक्ट्रॉनची जोडी लावण्यासाठी शेजारच्या रेणूवर हात टाकतो, आणि पेशीतली मेदद्रव्यं, प्रथिनं, डीएनए असे कुणीही त्याच्या तडाख्यात सापडतात. डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये वार्धक्याचं मूळ याच धुमाकुळात आहे अशी मांडणी केली आणि त्यानंतरच्या काही दशकांत अँटिऑक्सिडंट हा शब्द प्रयोगशाळेतून थेट फेस क्रीमच्या डबीवर जाऊन बसला. डीपीपीएच हाही एक मुक्त मूलकच, पण अगदी निराळ्या स्वभावाचा. तो बाटलीत भरून कपाटात ठेवता येतो. पेशीतले खरे उपद्रवी मूलक तयार होताक्षणी कशाशी तरी भिडून संपतात. शिवाय डीपीपीएचची चाचणी मिथेनॉलमध्ये होते. तिथे ना पेशी, ना रक्त, ना यकृत. अर्कातली फिनॉल गटातली द्रव्यं त्या मूलकाला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देऊ शकतात की नाही, एवढंच ती सांगते.

आणि बहुतेक वेळा ती ‘हो’ म्हणते. उन्हात उभ्या असलेल्या, किडीला तोंड देणाऱ्या कुठल्याही झाडाच्या अंगात फिनॉल असतातच. चहाची पत्ती, डाळिंबाची साल, हिरडा, आवळा, आंब्याची कोय, सगळे या परीक्षेत उत्तम गुणांनी पास होतात. ज्या परीक्षेत सहसा कुणी नापास होत नाही, तिच्या निकालपत्रकावर औषध निवडायचं का?

यापेक्षा मोठा धडा माणसांवरच्या चाचण्यांनी दिला. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्वाची चाचणी झाली. फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हावा हा उद्देश होता. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत तो कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत अशीच एक चाचणी १९९६ मध्ये अर्ध्यावर थांबवावी लागली. तिथे वाढ २८ टक्के होती. खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचे आकडे देणारी आपली यादी अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी सरळ संबंध लागत नव्हता आणि कंपन्या मात्र ते जाहिरातीत वापरत होत्या.

आपल्या विषयाच्या सगळ्यांत जवळची चाचणी ब्रिटनमधली आहे. गरोदरपणात रक्तदाब वाढून जिवावर बेतणारा जो विकार होतो, त्याच्या मुळाशी वारेतला ऑक्सिडीकरणाचा ताण असावा असं वाटत होतं. म्हणून धोका असलेल्या २,४१० गर्भवतींपैकी निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं. ‘लॅन्सेट’मध्ये २००६ साली निकाल आला. तो विकार टळला नाहीच, उलट कमी वजनाची बाळं औषध घेणाऱ्या गटात २८ टक्के आणि न घेणाऱ्या गटात २४ टक्के अशी भरली. ज्या दोन जीवनसत्त्वांना कुणी विष म्हणणार नाही, त्यांच्याबाबतीतली ही गोष्ट.

याचं कारण गर्भाच्या वाढीच्या तऱ्हेत शोधावं लागतं. पहिल्या दहा-बारा आठवड्यांत आईचं रक्त वारेतून मोकळेपणानं वाहत नसतं; भ्रूण बऱ्यापैकी कमी ऑक्सिजनात वाढतो. त्या काळात हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी द्रव्यं पेशीपेशींमध्ये निरोप्याचंही काम करतात. कुठल्या पेशीनं विभागायचं, कुठल्या पेशीनं मरायचं, कुणी कुठे सरकायचं यात त्यांचा हात असतो. झेब्रा माशाच्या पिल्लाच्या शेपटीचं टोक कापलं, तर जखमेच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड पसरतं आणि त्याच्या मागावर पांढऱ्या पेशी धावत येतात, हे २००९ मध्ये प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं गेलं. म्हणजे सगळे ऑक्सिडीकारक टिपून काढणं हे भ्रूणाच्या भल्याचंच असेल असं धरून चालता येत नाही.

दुसरी भानगड रसायनशास्त्रातली आहे, आणि माझ्या मते या पुस्तकातली सगळ्यांत रोचक पानं तिच्यावरची आहेत. जो रेणू डीपीपीएचला सहज इलेक्ट्रॉन देतो, तो पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनलाही देऊ शकतो. तसं झालं की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. बॅरी हॅलिवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की ग्रीन टीमधलं एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट किंवा त्याच्यासारखी द्रव्यं पेशी वाढवण्याच्या नेहमीच्या माध्यमात नुसती घातली तरी पेरॉक्साइड निर्माण होतं. अर्कानं कर्कपेशी मेल्या अशा बऱ्याच बातम्या या पेरॉक्साइडच्या असणार. नळीत रंग घालवणारा गुण तोच, आणि दुसऱ्या ताटलीत पेशी मारणारा गुणही तोच. पहिल्या चाचणीत अव्वल आलेला अर्क दुसऱ्या चाचणीत भ्रूणांना जड जातो तेव्हा पुष्कळांना तो विरोधाभास वाटतो. प्रत्यक्षात त्या एकाच स्वभावाच्या दोन खुणा असू शकतात. लेखकांनी जिथे जमलं तिथे माध्यमातलं पेरॉक्साइडही मोजलं, हे मला फार आवडलं.

पण सगळी इजा फिनॉलमधूनच होते असंही नाही. सदाफुलीचंच घ्या. अंगणातलं हे झाड. तिच्या पानांचा अर्क डीपीपीएच चाचणीत छान रंग घालवतो, कारण पानांत फिनॉल भरपूर. त्याच पानांत अत्यल्प प्रमाणात विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही अल्कलॉइडं असतात. पेशी विभागताना गुणसूत्रं ओढून नेणारे सूक्ष्म तंतू ती बनू देत नाहीत. म्हणूनच रक्ताच्या कर्करोगावर ती वापरली जातात आणि म्हणूनच ती गर्भाला घातक आहेत. कळलावीच्या कंदातलं कोल्चिसिनही त्याच तंतूंवर बसतं. जांभळ्या द्रावणाला या द्रव्यांचा पत्ता लागत नाही. अर्कातला बहुसंख्य भाग फिनॉलचा आणि इजा करणारा भाग चिमूटभर अल्कलॉइडचा, असं असताना पहिल्या चाचणीचा आकडा पाहून निश्चिंत होणं धोक्याचं.

वनस्पती गर्भाला किती नेमकी इजा करू शकते, याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत विलक्षण उदाहरण अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं आहे. डोंगरावर चरायला नेलेल्या मेंढ्यांना कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेली कोकरं होत. कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात शोध सुरू केला आणि दोष व्हेराट्रम कॅलिफोर्निकम नावाच्या एका रानटी झाडाचा निघाला. मेंढीनं ते गाभण राहिल्यापासून चौदाव्या दिवसाच्या आसपास खाल्लं तर कोकराला एकच डोळा. आधी किंवा नंतर खाल्लं तर ही विकृती नाही. त्यातल्या द्रव्याला सायक्लोपामिन असं नाव पडलं. ते हेजहॉग नावाचा भ्रूणातला संदेशमार्ग बंद करतं, हे १९९८ मध्ये कळलं. पुढे त्याच मार्गाला अडवणारं व्हिस्मोडेजिब हे औषध त्वचेच्या एका कर्करोगासाठी २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. मेंढ्यांना त्या झाडानं काहीही झालेलं नव्हतं. त्या ठणठणीत होत्या.

माणसांत हा धडा थॅलिडोमाइडनं शिकवला. १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेली, मोठ्या माणसांना अतिशय निर्धोक वाटणारी झोपेची गोळी; १९६१ च्या नोव्हेंबरात ती मागे घेतली जाईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं हातापायांच्या विकृती घेऊन जन्मली होती. गर्भधारणेनंतर साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसाच्या दरम्यान घेतलेली गोळी घात करायची. हा काळ असा की पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याची खात्रीही पटलेली नसते. म्हणजे ‘गरोदर स्त्रियांनी घेऊ नये’ अशी नुसती चिठ्ठी चिकटवून भागत नाही. ज्या वयात मूल होऊ शकतं त्या वयातल्या प्रत्येक बाईच्या हातात तो काढा किंवा ती कॅप्सूल पडणार आहे, असं धरून चाचणी व्हायला हवी.

‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाहीत’ हे वाक्य औषधाच्या दुकानात जितक्या सहज ऐकू येतं, तितक्या सहज ते आयुर्वेदाच्या ग्रंथांत सापडत नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीची महिनावार परिचर्या आहे आणि गर्भाला घातक ठरणाऱ्या आहारविहाराची वेगळी चर्चाही आहे. गर्भवती आजारी पडली तर औषधं मृदू हवीत, तीक्ष्ण नकोत, हा तिथला आग्रह आहे. चित्रक, कळलावी, गुंज यांचा गर्भपातासाठी होणारा वापर सुईणींना ठाऊक होता आणि वैद्यांनाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या नियमांत ई-१ नावाची एक अनुसूची आहे. तिच्यात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी पद्धतींतल्या विषारी द्रव्यांची नावं दिली आहेत; वत्सनाभ, धोत्रा, भल्लातक म्हणजे बिब्बा, गुंज, लांगली म्हणजे आपली कळलावी वगैरे. ही द्रव्यं असलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं अशी सूचना छापावी लागते. परंपरेला जे माहीत होतं ते जाहिरातीनं विसरायला लावलं आहे.

परंपरेला माहीत नसलेलंही थोडंफार आहे. अडुळशाचा रस आणि मध हा खोकल्यावरचा घरगुती उपाय, लहान मुलांनाही दिला जाणारा. त्यातल्या व्हॅसिसिनपासून पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध निघालं. तेच व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचन घडवतं, हे १९७०च्या दशकात जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेच्या कामातून पुढे आलं. गरोदर बाईनं खोकल्यासाठी अडुळसा घेण्याआधी विचारून घ्यावं, ही सूचना आजही किती घरांत पोचली आहे याची मला शंकाच आहे.

शतावरीचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं. गर्भिणी आणि बाळंतिणीसाठी शतावरीइतकं विश्वासाचं दुसरं औषध आपल्याकडे क्वचितच असेल. २००६ मध्ये एका भारतीय नियतकालिकात तिच्या मुळांच्या मिथेनॉल अर्काची उंदरांवरची चाचणी प्रसिद्ध झाली आणि तिच्यात गर्भ विरघळून जाण्याचं प्रमाण वाढणं, गर्भाची वाढ खुंटणं आणि विकृती असे परिणाम नोंदवले गेले. यावर दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटू शकतात. एक म्हणजे शतावरी बंद करा. दुसरी म्हणजे परदेशी पद्धतीनं आपल्या औषधांना बदनाम करण्याचा हा डाव आहे. दोन्ही बाजूंना मिथेनॉल या शब्दावर थांबायची गरज वाटत नाही. घरातली शतावरी दुधातून किंवा कल्पाच्या रूपात पोटात जाते. मिथेनॉल मुळांतली जी द्रव्यं खेचून काढतं ती दूध किंवा पाणी त्याच प्रमाणात काढेलच असं नाही. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट अशा पाच कल्पना चरकानं वेगवेगळ्या सांगितल्या, त्या उगाच नाहीत. एकाच मुळापासून पाच निरनिराळी औषधं होतात. आजच्या कॅप्सूलमध्ये मात्र बहुधा सहावंच काहीतरी असतं: अल्कोहोलनं काढलेला, आटवून घट्ट केलेला अर्क. तो घेणाऱ्या बाईसाठी मिथेनॉल अर्काचा प्रयोग दूधकल्पावरच्या श्रद्धेपेक्षा जास्त कामाचा आहे.

आता माशाकडे वळू. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळसर आडवे पट्टे असलेला हा मासा मुंबई-पुण्याच्या मत्स्यालयांच्या दुकानांत स्वस्तात मिळतो. मूळचा तो आपल्याच उपखंडातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतला. ईस्ट इंडिया कंपनीत शल्यचिकित्सक असलेल्या फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरच्या १८२२ सालच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. प्रयोगशाळेत त्याची प्रतिष्ठा वाढवली ती अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी. त्यांचा महत्त्वाचा निबंध १९८१ चा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि देशातल्या इतर काही प्रयोगशाळांत आज या माशावर काम चालतं. २०१३ मध्ये त्याच्या जनुकसंचाची पूर्ण वाचणी झाली, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचं निदान एक तरी भावंड त्याच्याकडे असल्याचं दिसलं.

सकाळी दिवे लागले की मादी शे-दोनशे अंडी घालते. ती आईच्या पोटाबाहेर फळतात आणि काचेसारखी पारदर्शक असतात. पाऊण तासात पहिली पेशी दुभंगते. चोवीस तासांत डोळ्यांचे ठिपके दिसू लागतात, शेपटी हलते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाची धडधड मोजता येते. दोन ते तीन दिवसांत पिल्लू कवच फोडून बाहेर पडतं. उंदीर-सशांच्या गर्भात काय बिघडलं हे पाहायला आईचा जीव घ्यावा लागतो. इथे सगळं डोळ्यांसमोर घडतं. थॅलिडोमाइड पेशीत नेमकं कुठे बसतं हे कोडं जवळजवळ अर्धं शतक पडून होतं. ते सेरेब्लॉन या प्रथिनावर बसतं हे टोकियोतल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये हुडकलं आणि त्याचा पुरावा याच माशाच्या आणि कोंबडीच्या भ्रूणांतून दिला.

प्रमाणित चाचणीचे नियम आर्थिक सहकार्य व विकास संघटनेनं २०१३ मध्ये ठरवले. मार्गदर्शक तत्त्व क्रमांक २३६. ताजी फळलेली अंडी चोवीस खाचांच्या प्लेटमध्ये एकेक ठेवायची, द्रव्याच्या पाच निरनिराळ्या तीव्रता घ्यायच्या, प्रत्येक तीव्रतेला वीस भ्रूण, तापमान २६ अंशांच्या आसपास, मुदत ९६ तास. रोज चार गोष्टी पाहायच्या: अंडं साकळलं का, पाठीकडचे स्नायुखंड पडले का, शेपटी बलकापासून सुटली का, हृदय धडधडतं का. शिवाय काहीच न घातलेल्या पाण्यातले निदान ९० टक्के भ्रूण जगले पाहिजेत, नाहीतर सगळा प्रयोग बाद. वनस्पतींवर काम करणारे या चारांवर थांबत नाहीत. हृदयाभोवती साचलेलं पाणी, वाकलेला कणा, लहान राहिलेलं डोकं, रंगद्रव्य न येणं, उशिरा फुटणारं कवच हेही ते नोंदवतात. मग दोन आकडे काढतात, निम्मे भ्रूण मारणारी तीव्रता आणि निम्म्यांत विकृती आणणारी तीव्रता. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की जो आकडा येतो तो मोठा असेल तर प्रकरण गंभीर, कारण अर्क मारण्याच्या कितीतरी आधीच बिघडवतो आहे. नुसत्या मृत्यूंच्या तक्त्यावर समाधान मानणारा निबंध या पुस्तकात नाही.

माशाच्या चाचणीतही फसायला भरपूर जागा आहे. हळदीतल्या कर्क्युमिनचं पाहा. २००७ मध्ये तैवानमधल्या एका प्रयोगात माशाचे भ्रूण साडेसात मायक्रोमोलर इतक्या तीव्रतेला मरू लागले. म्हणून आमटीत हळद घालू नये असं कुणी म्हणालं तर ते हसण्यावारी न्यावं लागेल. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि आतड्यातूनही फारसं शोषलं जात नाही, त्यामुळे जेवणातल्या हळदीनं रक्तात तेवढी तीव्रता येत नाही. मात्र शोषण वाढवण्यासाठी मिरीचं पायपेरिन मिसळलेल्या, ग्रॅमच्या मापात घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांना हेच उत्तर देता येईल का, हा प्रश्न रास्त आहे.

दुसरं उदाहरण आपल्या डोंगरातलं. उन्हाळ्यात ओढ्याच्या डोहात गेळफळ ठेचून टाकलं की मासे गुंगून वर येतात. हिंगणाच्या सालीचाही असा उपयोग होतो. यांतली सॅपोनिनं माशांच्या कल्ल्यांतल्या पेशींची पटलं फोडतात. तो मासा भाजून खाणाऱ्या माणसाला काही होत नाही, कारण सॅपोनिनं आपल्या आतड्यातून फारशी आत जात नाहीत. हेच गेळफळ मदनफळ या नावानं वमनाचं अग्रगण्य औषध म्हणून चरकाच्या काळापासून वैद्यांच्या संग्रही आहे. आता रिठा, शिकेकाई किंवा सॅपोनिनयुक्त शतावरी यांच्या अर्कात माशाचे भ्रूण मेले, तर त्याचा गर्भवतीशी किती संबंध लावायचा? उत्तर प्रत्येक अर्कासाठी वेगळं काढावं लागतं. सॅपोनिनं बाजूला काढून पुन्हा चाचणी करावी लागते. डोहात फळ ठेचणाऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट काही शोधनिबंधांच्या परीक्षकांना सुचत नाही, हे मात्र खटकतं.

आंबटपणाची गोष्ट आणखी साधी. हिरडा, आवळा, डाळिंबसालीचे अर्क पाण्याचा सामू खाली आणतात. नियमानुसार तो ६.५ ते ८.५ च्या दरम्यान राहिला पाहिजे. तो न मोजता केलेल्या चाचणीत भ्रूण कशानं मेले, टॅनिननं की निव्वळ आंबटपणानं, हे सांगता येत नाही. अर्क विरघळावा म्हणून घातलेलं डीएमएसओही जास्त झालं तर स्वतःच इजा करतं आणि इतर द्रव्यांना कवचातून आतही ढकलतं. उलट मोठे रेणू कवचातून जातच नाहीत आणि अर्क सुरक्षित असल्याचा भास होतो. माशाला वार नाही, आणि आईच्या यकृताची चाळणीही इथे नाही.

वनस्पतीच्या ओळखीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण अनेक निबंध तिथेच गडगडतात. बाजारात अशोकाची साल म्हणून आसुपालवाची साल येते. ब्राह्मी म्हणून कुठे बाकोपा मिळते, कुठे मंडूकपर्णी. शंखपुष्पी या नावाखाली किमान तीन-चार झाडं विकली जातात. अशोक हे बायकांच्या तक्रारींवरचं औषध. त्याच्या जागी दुसरंच झाड असेल तर आकडे कितीही काटेकोर असोत, ते कशाचे आहेत हेच कळत नाही. म्हणून इथे प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला झाडाचं शास्त्रीय नाव, कुठला भाग, कुठल्या महिन्यात आणि कुठून आणला, कशात काढला, आणि ओळख पटवलेला वाळवलेला नमुना जपून ठेवला आहे का, हे दिलं आहे. वाचताना हा मजकूर ओलांडून थेट आलेखाकडे जाण्याचा मोह होतो. तो आवरावा.

मापांबद्दल एक सूचना. पुस्तकात बहुतेक तीव्रता एका मिलिलिटरला इतके मायक्रोग्रॅम अशा दिल्या आहेत. हा भ्रूणाच्या भोवतीच्या पाण्याचा हिशेब आहे. चमच्यांत, गोळ्यांत किंवा काढ्याच्या पेल्यात त्याचं रूपांतर होत नाही. तसा प्रयत्न करणाऱ्या वाचकाला उत्तर मिळेल, पण ते चुकीचं असेल. या चाचणीचा उपयोग क्रम लावण्यासाठी आहे. वीस अर्कांपैकी कोणत्या तिघांना उंदीर आणि सशांवरच्या लांब, महागड्या गर्भचाचणीपर्यंत न्यायचं, आणि कोणत्या सतरांवर ते पैसे आणि ते प्राणी खर्च करायचे नाहीत, हे ठरवायला ती उत्तम आहे.

ज्या विद्यार्थ्यांना यंदा प्रकल्पाचा विषय हवा आहे, त्यांच्यासाठी एक काम मी सुचवून ठेवतो. एकाच शेतातून, एकाच दिवशी उपटलेली शतावरीची मुळं घ्यावीत. त्यांचे तीन अर्क करावेत: पाण्यात उकळून, अल्कोहोलमध्ये आणि मिथेनॉलमध्ये. तिन्हींतलं सॅपोनिन आणि फिनॉलचं प्रमाण मोजावं, जांभळ्या द्रावणातला आकडा काढावा आणि तिन्ही एकाच तुकडीच्या अंड्यांवर, सामू सांभाळून, चालवून पाहावेत. सॅपोनिन काढून टाकलेला चौथा अर्कही सोबत असावा. दुधातली शतावरी मात्र माशाच्या पाण्यात घालता येणार नाही. पाणी गढूळ होईल आणि दिवसभरात नासेल. तेवढा भाग उंदरांवरच करावा लागेल आणि त्यासाठी नीतिसमितीकडे अर्ज सत्र सुरू होण्याआधीच टाकावा.